संगमरवराचे भाषांतर : ‘मंदिरपथगामिनी’पासून शिरडीपर्यंत

‘संगमरवर’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्यातील ‘संग’ म्हणजे दगड, हे उघडच आहे. परंतु ‘मरमर’ हा उत्तरार्ध फारसीचाही मूळचा नव्हे. तो ग्रीक ‘मार्मारोस’ या शब्दाचा वंशज होय. म्हणजे ग्रीकांची मूर्तिकला महाराष्ट्रात येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या पाषाणाचे नाव येथे येऊन रुळले होते, आणि तेही इराणची वाट चालून. ही केवळ शब्दव्युत्पत्तीची गंमत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत जे मूर्तिशिल्प उदयास आले, त्याचा सारा इतिहास अशाच प्रवासाचा आहे. वस्तू एकीकडून, तिचे नाव दुसरीकडून आणि तिला चिकटलेला अर्थ तिसरीकडूनच आलेला, असे त्यात वारंवार दिसते.

मराठी मुलखाचा स्वतःचा दगड काळा. वेरूळचे कैलास, घारापुरीचा त्रिमुख शिव, कार्ल्याचे चैत्यगृह ही सारी सह्याद्रीच्या काळ्या कातळात खोदलेली; आणि पंढरीच्या विठ्ठलाचे तर सावळेपण हेच सौंदर्य ठरले. अबूच्या जैन मंदिरांत अकराव्या शतकातच पांढऱ्या संगमरवराची जाळीदार नक्षी फुलली होती खरी. पण ती कला गुजरात-राजस्थानच्या धनिकांबरोबर आणि त्यांच्या पाथरवटांबरोबर वाढली. महाराष्ट्रातील पाथरवटाच्या टाकीखाली तो दगड क्वचितच आला. येथील भाविकाच्या मनात ‘मूर्ती’ म्हटले की तेलाने मऊ झालेला, गाभाऱ्याच्या अंधारात समईच्या उजेडाने चमकणारा काळा पाषाण उभा राहत असे. पांढऱ्या, उघड्यावर उभ्या केलेल्या, चारी बाजूंनी पाहावयाच्या मूर्तीला त्याच्या अनुभवात जागा नव्हती.

ही जागा निर्माण झाली ती इंग्रजांच्या स्मारकांमुळे. सेंट थॉमसच्या चर्चमध्ये भिंतींवर बसविलेली संगमरवरी स्मृतिशिल्पे आजही आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकनचे स्मारक त्यांतलेच. त्यात बालहत्या बंद केल्याचा उल्लेख कोरलेला आहे. १८३३ साली पूर्ण झालेल्या टाऊन हॉलची इमारत डोरिक खांबांची, आणि तिच्या आत चँट्रीने घडविलेला एल्फिन्स्टनचा पुतळा. पुढे जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई या एतद्देशीयांचेही पुतळे तेथे आले, पण घडविणारे हात परदेशीच राहिले. यूरोपात त्या काळी विंकेलमानच्या ग्रंथांनी एक समजूत पक्की केली होती. ग्रीक कला ही सौंदर्याची परमावधी, तिचा आत्मा म्हणजे ‘उदात्त साधेपणा’, आणि तिचे शरीर म्हणजे शुभ्र, निर्विकार संगमरवर, अशी ती समजूत. कंपनीचे अधिकारी मेले की त्यांना या शुभ्रतेत अमर करण्याची चाल पडली, ती याच समजुतीतून.

पण मुंबईच्या लोकांनी या मूर्तींचा जो अर्थ लावला, तो विंकेलमानला सुचला नसता. धाकट्या बेकनने घडविलेला लॉर्ड कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा कोटाच्या मैदानात घुमटीखाली बसविला होता. लोक त्याला फुले वाहू लागले, हार घालू लागले. त्या जागेला ‘छोटे देऊळ’ असे नाव पडले. सरकारला हे रुचले नाही आणि हा देव नव्हे, अशी समजूत घालण्याचा प्रयत्न झाला. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. या हकिगतीकडे आजवर विनोद म्हणून पाहिले गेले आहे. वस्तुतः तो एक टीकाप्रसंग होता. घुमटीखाली, चौथऱ्यावर, माणसापेक्षा मोठ्या आकाराची, निश्चल, गौर आकृती आहे. तिला नमस्कार करावयाचा नाही तर काय करावयाचे, हा प्रश्न त्या फुले वाहणाऱ्यांनी न बोलता विचारला होता, आणि त्याला उत्तर देणे त्या वेळच्या कलामीमांसेला अवघड गेले असते.

मुंबईची कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. सर जमशेटजींच्या देणगीतून ती उभी राहिली आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग तेथे वास्तुशिल्पाचा अध्यापक म्हणून आला. त्याच्या हाताखालच्या मुलांनी मुंबईच्या नव्या इमारतींच्या कमानी, खांबांची शिरे, पाने, फुले, पक्षी कोरले. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कोरीव कामातही या शाळेचा वाटा आहे. त्याबरोबरच ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन करणे, हा अभ्यासक्रमाचा कणा होता. यूरोपातील प्रत्येक अकादमीत तो तसाच होता. पण तेथील विद्यार्थ्याला खरा संगमरवरही पाहावयास मिळे. मुंबईच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेला ग्रीस चुनखडीच्या रंगाचा आणि पोकळ होता. तोही थेट ग्रीसचा नव्हे; बहुधा रोमनांनी ग्रीक ब्राँझवरून केलेल्या संगमरवरी नकलेच्या साच्यातून काढलेली ती प्रत. चौथ्या हातचे पुस्तक वाचून एखाद्याने मूळ भाषेचा अंदाज बांधावा, तसा हा प्रकार झाला. गंमत अशी की, त्याच शाळेचे दुसरे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्सच्या नेतृत्वाखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या लेण्यांत राहून तेथील भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. एकाच छपराखाली दोन प्राचीन काळ समोरासमोर आले होते. त्यांची परस्परांशी ओळख करून देणारे मात्र कोणी नव्हते.

ती ओळख करून देण्याचे काम एका वीस वर्षांच्या मुलाने केले. गणपत काशिनाथ म्हात्रे यांचा जन्म १८७६ साली पुण्यात झाला. १८९६ मध्ये त्यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ला बाँबे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले. हातात पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली, नऊवारी नेसलेली एक तरुणी, एवढाच तिचा विषय. आकृती माणसाएवढी, माध्यम प्लास्टर. कलाशाळेने ती स्वतःसाठी विकत घेतली. तिला यूरोप न पाहिलेल्या विद्यार्थ्याने घडविले आहे यावर इंग्रज परीक्षकांचा विश्वास बसणे कठीण गेले असल्यास नवल नाही.

ही मूर्ती नक्कल आहे की नवनिर्मिती, हा वाद तेव्हापासून चालू आहे, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या प्रश्नापाशी अडतो. तिची उभे राहण्याची तऱ्हा पाहावी. भार एका पायावर, दुसरा पाय सैल. कंबर एका बाजूस किंचित कललेली, खांदे तिच्या उलट. मान हलकेच झुकलेली. ही ठेवण ग्रीकांची, यात शंका नाही. पण त्रिभंग भारतीय शिल्पालाही परका नव्हता. साँची-मथुरेपासून तो येथे आहे. फरक असा की भारतीय त्रिभंग हा लयीचा असतो, नृत्याच्या जवळचा. आणि ग्रीक ठेवण भाराची असते, हाडांवर आणि सांध्यांवर वजन कसे तोलले जाते हे दाखविणारी. म्हात्र्यांनी भाराची ठेवण घेतली. तेवढे ऋण निःसंशय आहे.

आता वस्त्राकडे पाहावे. ग्रीक शिल्पकाराचे अर्धे कौशल्य वस्त्राच्या चुण्यांत असते. ‘खितोन’ हे खांद्यावरून मोकळे खाली येणारे वस्त्र. त्याच्या उभ्या पन्हाळींमधून शरीर कोठे दिसते, कोठे लपते, हाच तो खेळ. नऊवारीचे शास्त्र याच्या अगदी उलट आहे. ती खांद्यावरून लोंबत नाही, कमरेला आवळली जाते. निऱ्या पुढे, कासोटा मागे. दोन्ही पाय वेगवेगळे वेढले जातात, आणि पदर अंगावरून तिरका जातो. उभ्या रेषांऐवजी तिरप्या आणि वळणाऱ्या रेषा, मोकळ्या वस्त्राऐवजी ताणलेले वस्त्र. ग्रीक चुण्या येथे जशाच्या तशा लावता येणे शक्यच नव्हते. म्हात्र्यांनी त्या लावल्याही नाहीत. वस्त्राने शरीर झाकूनही त्याची रचना प्रकट करावयाची, हा ग्रीक ‘हेतू’ त्यांनी घेतला आणि तो साधण्याचे साधन मराठी घरातून घेतले. चांगला भाषांतरकार हेच करतो. मूळ वाक्यातील शब्दांची जागा न राखता त्यांचे कार्य राखतो. ज्या दोन दशकांत आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले आणि देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले, त्याच काळात ही मूर्ती घडली हे विसरता कामा नये. शेक्सपियरच्या राजपुत्राला मराठी नाव देऊन मराठी रंगभूमीवर आणण्यात ज्यांना हीनता वाटली नाही, त्यांच्याच पिढीचा हा शिल्पकार होता. नाटकांच्या बाबतीत आपण ‘रूपांतर’ हा आदराचा शब्द वापरतो. शिल्पाच्या बाबतीत मात्र ‘अनुकरण’ म्हणून मोकळे होतो. हा पक्षपात कशासाठी, याचे उत्तर कलासमीक्षेने दिलेले नाही.

विषयाच्या बाबतीत तर योगायोग आणखी खोल जातो. अथेन्समध्ये देवीच्या महोत्सवात पूजेच्या टोपल्या डोक्यावर घेऊन मिरवणुकीच्या अग्रभागी चालण्याचा मान कुलीन कुमारिकांचा असे. त्यांना ‘कानेफोरोस’, म्हणजे टोपली वाहणारी, असे म्हणत. पार्थेनॉनच्या पूर्वेकडील पट्टीवर पूजेची भांडी घेऊन सावकाश चाललेल्या मुली कोरलेल्या आहेत. त्यांची नजर खाली, पावले मोजकी. मंदिराकडे जाणारी स्त्री हा विषय म्हणजे ग्रीक शिल्पाच्या अगदी गाभ्यातला विषय! म्हात्र्यांना हे ठाऊक होते की नाही, याने फारसे बिघडत नाही. गिरगावात किंवा पुण्यात रोज सकाळी दिसणारे दृश्य त्यांनी घेतले. आणि ते दृश्य अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्समध्येही रोजचे होते. ग्रीक देवदेवतांची नावे उसनी घेऊन, एखादी व्हीनस किंवा डायाना घडवून पदक मिळविणे त्यांना सोपे गेले असते. ते त्यांनी केले नाही. पुराणकथेच्या नावापेक्षा पुराणकथेमागील आचार त्यांनी उचलला, हे या कृतीचे खरे वैशिष्ट्य होय.

या मूर्तीचे जे स्वागत झाले, त्यात तत्कालीन कलाविचाराचे सारे अंतर्विरोध उघडे पडले. सर जॉर्ज बर्डवुड यांनी तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. हे बर्डवुड मुंबईत दीर्घकाळ राहिलेले, येथील संग्रहालयाची घडी बसविणारे, हिंदी कारागिरीचे मोठे चाहते. परंतु १८८० साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी हस्तकलांवरील ग्रंथात त्यांनीच असे लिहिले होते की, ललितकला या अर्थाने शिल्प आणि चित्र हिंदुस्थानात नाहीतच. पुढे १९१० मध्ये लंडनच्या सभेत एका बुद्धमूर्तीची तुलना त्यांनी उकडलेल्या चरबीच्या पुडिंगशी केली आणि त्यावरून एवढे वादळ उठले की त्यातून ‘इंडिया सोसायटी’चा जन्म झाला. ज्याला बुद्ध दिसला नाही, त्याला म्हात्र्यांची तरुणी दिसली. याचा अर्थ त्याने तिच्यात ग्रीस पाहिला, एवढाच होतो. दुसऱ्या बाजूला रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९८ च्या सुमारास ‘मंदिराभिमुखे’ हा बंगाली लेख लिहून या मराठी विद्यार्थ्याच्या कृतीचे कौतुक केले. एका प्रांतातील कवीने दुसऱ्या प्रांतातील, अद्याप नाव न झालेल्या शिल्पकाराविषयी आपल्या भाषेत लिहावे, अशी उदाहरणे त्या काळात विरळ होती. आजही ती फार आहेत असे नाही.

त्यानंतर दहा-बारा वर्षांत वारे फिरले. हॅवेल आणि कुमारस्वामी यांनी भारतीय कलेचा आदर्श अंतर्मुख आणि आध्यात्मिक असल्याचे प्रतिपादन केले. मूर्ती ही शरीराची नव्हे, ध्यानाची प्रतिमा, हा त्यांचा सिद्धान्त. त्याने बर्डवुडी अडाणीपणाचे उच्चाटन केले, हे त्याचे उपकार कोणी नाकारू नयेत. पण त्याच झाडूने कलाशाळेतील यथार्थवादी कामाचाही कचरा ठरला. गांधारच्या मूर्तींवर ग्रीक छाया आहे म्हणून फूशेने बुद्धप्रतिमेचे जनकत्वच ग्रीकांना दिले. कुमारस्वामींनी १९२७ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याला मथुरेच्या आधारे उत्तर दिले. त्या वादाच्या धुराळ्यात ‘ग्रीक’ हा शब्दच संशयास्पद झाला. वास्तविक ग्रीसशी या भूमीचा संबंध वादापेक्षा जुना आणि साधा आहे. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या टेकडीत विसाव्या शतकाच्या चाळीशीत ज्या वस्तू सापडल्या, त्यांत समुद्रदेव पोसायडनची एक लहानशी ब्राँझची मूर्ती होती. सातवाहनांच्या काळी कोणा व्यापाऱ्याने ती आणली, कोणी घरात ठेवली. ती पाहून येथील कारागीर ग्रीक झाला नाही, आणि बाटलाही नाही.

परंतु ‘मंदिरपथगामिनी’च्या इतिहासातील कळीचा प्रश्न शैलीचा नसून द्रव्याचा आहे. शिल्पकार प्रथम मातीत काम करतो. मातीवरून साचा निघतो, साच्यातून प्लास्टर. आणि प्लास्टरवरून, पैसे देणारा असेल तर, ब्राँझ किंवा संगमरवर. माती म्हणजे जन्म, प्लास्टर म्हणजे मरण आणि संगमरवर म्हणजे पुनर्जन्म, अशी या धंद्यातील जुनी म्हण आहे. प्लास्टर प्रकाश परतवून लावते. त्याचा पृष्ठभाग मृत दिसतो. संगमरवर थोडा प्रकाश आत घेतो, आणि आतल्या स्फटिकांवरून तो परत बाहेर येतो. म्हणून त्यात त्वचेचा भास होतो. पण हे रूपांतर सोपे नव्हे. प्लास्टरच्या नमुन्यावर शेकडो बिंदू निश्चित करून, ‘पॉइंटिंग मशीन’ नावाच्या मापयंत्राने त्या प्रत्येक बिंदूची खोली दगडात उतरवावी लागते, आणि मग त्या भोकांपर्यंत छिन्नी न्यावी लागते. त्यात पुन्हा या दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. पुढे आलेला हात, मोकळा पाय केव्हा तडकेल याचा नेम नसतो. रोमनांच्या नकलांत पायाशी जो झाडाचा बुंधा दिसतो, तो सौंदर्यासाठी नव्हे. घोट्यावरचा भार वाटून घेण्यासाठी आहे. इटलीतील कारारासारख्या गावी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे कसबी होते. मुंबईत दगडही आणावा लागे आणि त्याला ओळखणारा हातही.

असा खर्च कोण करणार? देवळाकडे निघालेल्या अनाम मुलीसाठी तर कोणीच नाही. दगडाचे पैसे देणारे होते ते राजे, नगरपालिका आणि स्मारक समित्या. आणि त्यांना हवी होती ती व्यक्तिचित्रे. म्हात्र्यांनी ‘सरस्वती’ घडविली, शबरीच्या वेशातील पार्वती घडविली. ‘पार्वती-शबरी’तील पुराणकथा निवडतानाही त्यांनी देवीला प्रभावळीतून काढून रानात, किरातिणीच्या पोशाखात उभे केले. ही वाट पुढे गेली असती, तर मराठी शिल्पात पुराणकथेचे एक स्वतंत्र दालन निर्माण झाले असते. पण कारखाना चालवावयाचा तर मागणीकडे पाहावे लागते. अहमदाबादसाठी व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा म्हात्र्यांनी केला. म्हैसूरच्या चामराज चौकात, घुमटीखाली, चामराजेंद्र वाडियारांचा संगमरवरी पुतळा १९२० च्या सुमारास उभा राहिला, तोही त्यांचाच. न्यायमूर्ती रानडे, गोखले अशा नेत्यांची शिल्पे त्यांनी केली. रावबहादूर ही पदवी मिळाली. यशाच्या दृष्टीने पाहता यात उणे काही नाही. चामराजेंद्रांच्या पुतळ्यातील राजवस्त्राची घडण पाहताना नऊवारीवर शिकलेला हात ओळखू येतो. पण पुतळ्याचा धर्मच असा की त्यात चेहरा प्रधान होतो आणि शरीर हे चेहऱ्याला उभे करण्याचे आसन बनते. जो शिल्पकार शरीराच्या तोलातून बोलत होता, त्याला आयुष्यभर मिशा आणि पदके कोरावी लागली. याला दोष कोणाला द्यावयाचा? पैसा एकीकडे आणि प्रतिभा दुसरीकडे वळू लागली की असेच घडते.

संगमरवराच्या या राजमान्य शुभ्रतेकडे त्याच वेळी दुसरी एक नजर लागलेली होती. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, मॅथ्यू नोबलने घडविलेला व्हिक्टोरिया राणीचा पुतळा १८७२ पासून मुंबईत विराजमान होता. १८९६ च्या ऑक्टोबरात, शहरात प्लेग शिरत असता, चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले. ज्या वर्षी मराठी तरुणाच्या पांढऱ्या मूर्तीला पदक मिळाले, त्याच वर्षी मराठी तरुणांनीच पांढऱ्या राणीला काळे केले. चापेकरांना शिल्पकलेशी कर्तव्य नव्हते. तरी संगमरवर म्हणजे सत्ता, हे त्यांनी कोणत्याही समीक्षकाहून स्पष्टपणे वाचले होते. १९६५ साली मुंबईतील हे इंग्रजी पुतळे हलविण्यात आले आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत, संग्रहालयाच्या आवारात जाऊन पडले. त्यांतील काहींचे अवयव भंगलेले आहेत. बंगळुरात याउलट थॉमस ब्रॉकने घडविलेली आणि १९०६ साली अनावरण झालेली व्हिक्टोरिया कब्बन पार्कच्या तोंडाशी अद्याप उभी आहे, आणि तिच्या पायाशी माणसे उन्हातान्हात विसावा घेतात. एकाच दगडाच्या, एकाच राणीच्या दोन मूर्तींची ही दोन प्रारब्धे.

म्हात्र्यांनंतरच्या पिढीने आपापल्या परीने द्रव्याचा प्रश्न सोडविला. सासवण्याच्या विनायकराव करमरकरांनी ब्राँझमध्ये पुण्याचा शिवाजी १९२८ साली उभा केला, पण आपल्या आवडीची माणसे, कोळीण, शंख फुंकणारा, घरची जनावरे, त्यांनी सिमेंटसारख्या स्वस्त द्रव्यात घडविली आणि अंगणात ठेवली. धारला स्थायिक झालेले रघुनाथराव फडके यांचे ‘प्रवचन’ हे शिल्पही अशाच जिवंत निरीक्षणाचे. संगमरवराचा अट्टहास सोडल्यानेच या कामांना मोकळीक मिळाली, असे म्हणावयास जागा आहे.

आणि मग एक अनपेक्षित गोष्ट घडली. बाळाजी वसंत तालीम हे त्याच कलाशाळेत शिकलेले, यथार्थवादी व्यक्तिशिल्पात निष्णात असलेले मुंबईचे शिल्पकार. शिरडीच्या साईबाबांची मूर्ती घडविण्याचे काम त्यांच्याकडे आले. दगड इटलीचा होता. तो मुंबईच्या बंदरात बेवारस येऊन पडला होता, अशी आख्यायिका भक्त सांगतात. बाबांनी १९१८ च्या विजयादशमीला देह ठेवला होता. मूर्तीची स्थापना ७ ऑक्टोबर १९५४ रोजी, विजयादशमीसच झाली. तालिमांपुढे आधार होता तो छायाचित्राचा. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर टाकून दगडावर बसलेली ती अनौपचारिक बैठक कोणत्याही शिल्पशास्त्राने सांगितलेली नाही. त्यात पद्मासन नाही, अभयमुद्रा नाही, आयुधे नाहीत. आहे तो एका वृद्ध फकिराच्या देहाचा खरा भार, बसताना कफनीला पडलेल्या खऱ्या सुरकुत्या, आणि समोरच्याकडे पाहणारा खरा चेहरा. प्लास्टरच्या ग्रीक प्रतिकृतींसमोर बसून शिकविलेली ती विद्या, भार, सांधे, वस्त्र, येथे प्रथमच गाभाऱ्यात गेली. आता जयपूरच्या मूर्तिकारांच्या आळीत तीच बैठक नवे प्रमाण बनून हजारोंनी कोरली जाते. एका छायाचित्राचे शास्त्र झाले!

कलाशाळेच्या इतिहासात या मूर्तीला जागा मिळत नाही, कारण ती ‘देव’ झाली. आणि धार्मिक इतिहासात तालिमांचे नाव ओझरते येते, कारण ती ‘कला’ ठरत नाही. दोन्ही बाजूंच्या संकोचाला मूळ एकच गैरसमज आहे. ग्रीक मूर्ती म्हणजे दालनात उभी केलेली, दुरून पाहावयाची, रंगहीन सुंदर वस्तू, ही कल्पना यूरोपाने अठराव्या शतकात तयार केली. प्रत्यक्ष ग्रीस वेगळा होता. तेथील संगमरवर रंगविलेला असे. ओठ, केस, वस्त्रांचे काठ रंगीत. प्राक्सितेलिस हा आपल्या मूर्तींपैकी निकियास या चित्रकाराचा हात ज्यांवर फिरला, त्या अधिक मानी, असे प्लिनी सांगतो. अथेन्सच्या जुन्या लाकडी अथेनेला वर्षातून एकदा वस्त्रे उतरवून स्नान घालण्याचा उत्सव होता, आणि महोत्सवात तिला नवे विणलेले वस्त्र अर्पण होई. ऑलिंपियाच्या हस्तिदंती झ्यूसला दलदलीच्या हवेपासून जपण्यासाठी तेल वापरीत, तर अथेन्सच्या कोरड्या टेकडीवर पाणी, अशी नोंद पौसानियासने केली आहे. स्नान, वस्त्र, तेल, नैवेद्य! लंडनच्या संग्रहालयात दिव्याखाली ठेवलेल्या पार्थेनॉनच्या मुलींपेक्षा शिरडीतील काकडआरतीची मूर्ती त्या प्राचीन ग्रीसच्या अधिक जवळची आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती फारशी नाही. कॉर्नवॉलिसला फुले वाहणाऱ्यांना ग्रीकांनी हसले नसते.

आज संगमरवर पुन्हा जगभर शिल्पकारांच्या हाती आला आहे. लंडनच्या ट्राफल्गार चौकात २००५ साली मार्क क्विनने हातपाय अपूर्ण असलेल्या एका गर्भवती चित्रकर्तीची भव्य शुभ्र मूर्ती ठेवली, तेव्हा प्रेक्षकांना मिलोच्या भग्न व्हीनसची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. भग्नतेला आपण सुंदर म्हणतो ती केवळ प्राचीनाची असेल तरच काय, असा तिचा प्रश्न होता. कारारात आता यंत्रमानव संगणकाच्या आज्ञेने दगड खोदतात. जयपुरातही तशी यंत्रे आली आहेत. बिंदू मोजणाऱ्या मापयंत्राचीच ती पुढची पिढी. म्हात्र्यांच्या काळी जो खर्च आणि जे कसब मूर्ती आणि दगड यांच्यामध्ये भिंतीसारखे उभे होते, ती भिंत पुष्कळ ढासळली आहे. ‘मंदिरपथगामिनी’चे मोजमाप घेऊन तिला दगडात उतरविणे आज तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ते करावे की नाही, हा मात्र पाठभेदाचा प्रश्न आहे. १८९६ च्या ज्या कृतीवर एवढा वाद झाला ती प्लास्टरची होती. तिचा दगडी अनुवाद हा म्हात्र्यांचा असणार नाही, जसा रोमन संगमरवर प्राक्सितेलिसचा नव्हता. आणि तरीही रोमनांनी नकला केल्या नसत्या, तर ग्रीक ब्राँझपैकी बहुतेकांचे रूपही आज कोणाला ठाऊक झाले नसते.

दोन्ही द्रव्यांचे शत्रू मात्र ठरलेले आहेत. संगमरवर हा रसायनाच्या भाषेत चुनखडीचाच भाऊ. दही, लिंबू, आंबट काहीही त्याला झिजविते, आणि नित्य पंचामृतस्नान घडणाऱ्या कोणत्याही संगमरवरी मूर्तीच्या पुजाऱ्यांना आणि विश्वस्तांना ही काळजी करावीच लागते. प्लास्टर तर साध्या पाण्यानेही विरते. देवळाकडे निघालेल्या त्या मुलीला अभिषेकाचा एक थेंबही सोसणार नाही. तिला कोरड्या खोलीतच ठेवावे लागते.